चौघांनी उचललेली बाज

शास्त्रपाठ : मार्क २:१–१२, मार्क ५:२५–३४



कफर्णहूमातील त्या घराची गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे. शब्बाथ शाळेत तिचे चित्र रंगविले नाही असे मूल आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. उसकलेले छप्पर, चार कोपऱ्यांना चार माणसे, दोरांनी खाली सोडलेली बाज आणि वर पाहणारे लोक. लहानपणी आपले सारे लक्ष त्या छपराच्या भोकाकडे असते. ते नंतर कोणी बुजविले, असे प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल विचारतेच. मोठेपणी लक्ष बाजेवरील पक्षघाती माणसाकडे जाते. आणि आपल्याच माणसांत कोणाच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे मग ते त्या चौघांकडे जाते. आम्ही हा पाठ अनेकदा शिकविला होता. पण तो आम्हांला नव्याने शिकावा लागला तो सुरतेत, उधन्याच्या एका खोलीत.

धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी सुरतेला आलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांपैकीच हे एक कुटुंब. काकांनी तीस वर्षे लूमवर काम केले. बारा वर्षांपासून मधुमेह. नाताळानंतरच्या आठवड्यात एका पहाटे त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा बसली. आम्ही मंडळीच्या एका वडिलांबरोबर भेटीस गेलो, तेव्हा या गोष्टीला चार महिने झाले होते. काकू बाजेजवळ बसून त्यांना भरवीत होत्या. मुलाने आम्हांला बाजूला नेले आणि खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढला.

त्या कागदावर मूलपेशींच्या उपचाराची जाहिरात होती. दुसऱ्या एका शहरात काही इंजेक्शने घ्यावयाची, मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होईल, मधुमेह असला तरी हरकत नाही, उलट मधुमेहही आटोक्यात येईल, असे त्यात लिहिले होते. खर्च काही लाखांचा. मुलगा म्हणाला, “साहेब, गावाकडे दोन एकर आहेत. विकली तर भागेल. विकू का? देवाची इच्छा काय आहे, तेवढे सांगा.”

आम्ही काय सांगितले? आम्ही सांगितले की, प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील. मग प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. जिना उतरताना बरोबरचे वडील म्हणाले, “त्याने शेताचे विचारले होते. तुम्ही उत्तर दिले नाही.” ते शब्द आम्हांला लागले, कारण ते खरे होते. आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. म्हणून आम्ही प्रार्थनेच्या आड लपलो. प्रार्थना ही लपण्याची जागा नव्हे.

त्यानंतर मंडळीतील एका डॉक्टर भगिनीपाशी बसून आम्ही जे शिकलो, ते येथे सांगतो. आज आपल्या अनेक घरांत हाच कागद खिशातून निघत आहे.

पक्षघात बहुधा कसा होतो? मेंदूला रक्त नेणारी एखादी नस गुठळीने बंद होते, किंवा फुटते. रक्त न मिळालेला भाग थोड्याच वेळात मरू लागतो. मधुमेह्याच्या रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे नसांचे अस्तर खराब करीत असते. म्हणून मधुमेह असणाऱ्यास गुठळीचा पक्षघात होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि झाल्यावर सुधारणाही अधिक सावकाश होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. तेव्हा हा काही एका घराचा प्रश्न नाही.

आता मूलपेशी. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींना आपापले एकच काम येते. पण काही पेशी अशा असतात की, त्यांच्यातून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. हाडांच्या मगजातील अशा पेशींतून आपले रक्त नित्य नवे होत असते. यांनाच डॉक्टर स्टेम सेल म्हणतात. यात थोतांड काही नाही. ही देवाने घडविलेली खरीखुरी योजना आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात १९८३ साली व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ साली मगजाचे रोपण सुरू झाले, आणि रक्ताच्या कर्करोगाने व थॅलेसेमियाने आजारी असलेल्या कितीतरी मुलांचे प्राण त्यामुळे वाचले. वेल्लोरच्याच डॉक्टरांनी २०२४ साली हिमोफिलियाच्या पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णांच्या स्वतःच्या मूलपेशींत दुरुस्ती करून त्या परत दिल्यावर त्यांचा वारंवार होणारा रक्तस्राव थांबला. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेपासून ज्या कामाचा आरंभ केला, त्याला आलेले हे फळ पाहून आपण देवाचे आभार मानावेत.

पण रक्त वेगळे आणि मेंदू वेगळा. रक्ताच्या पेशी मोकळ्या वाहतात; मेंदूच्या पेशी एकमेकींशी लाखो धाग्यांनी जोडलेल्या असतात. काकांच्याच धंद्यातला दाखला घ्या. मागावर ताणा तुटला, तर कारागीर माग थांबवितो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो, धागा पुन्हा जागच्या जागी ओवतो, आणि मग माग चालतो. कोणी येऊन नव्या सुताची लड मागावर फेकली, तर तिचे आपोआप कापड होत नाही. शिरेतून दिलेल्या मूलपेशी मेंदूत जाऊन नवे जाळे विणतील, असे आज जाणते डॉक्टरही म्हणत नाहीत. त्या पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी सूज कमी व्हावी, बारीक नसा वाढाव्यात, उरलेल्या पेशींना मदत व्हावी, अशी त्यांची आशा आहे. आशा चांगली आहे. पण ती तपासून पाहावी लागते.

आणि ती आपल्याच देशात तपासली गेली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कामेश्वर प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पाच केंद्रांत पक्षघाताच्या १२० रुग्णांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला त्यांच्याच मगजातील पेशी शिरेतून दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. बाकीचे उपचार दोघांना सारखे. सहा महिन्यांनी जेवणे, अंघोळ, चालणे अशा रोजच्या कामांच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर दोन्ही गट मोजले. पेशी मिळालेल्यांचे सरासरी गुण ६३.१, न मिळालेल्यांचे ६३.६. २०१४ साली हा निष्कर्ष जसा होता तसा छापून प्रसिद्ध झाला. जपानातही २०६ रुग्णांवर दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींचा प्रयोग झाला; २०२४ साली त्याचा अहवाल आला, आणि तीन महिन्यांनी पूर्ण बरे झालेल्यांच्या प्रमाणात तेथेही म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मधुमेह्यांच्या बाबतीत तर अधिकच जपून राहिले पाहिजे. अमेरिकेत डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड हॉस्पिटलातील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले होते. मधुमेह नसलेल्या उंदरांना पक्षघातानंतर ज्या पेशींनी गुण आला होता, त्याच प्रकारच्या पेशी मधुमेही उंदरांना दिल्या, तेव्हा गुण तर आला नाहीच. उलट मेंदूतील नसा अधिक पाझरू लागल्या, रक्तस्राव वाढला आणि अधिक उंदीर मेले. हा अहवाल २०११ चा आहे. पुढच्या काही प्रयोगांत वेगळ्या पेशी वापरल्यावर मधुमेही प्राण्यांत चांगला परिणामही दिसला. म्हणजे दार बंद झालेले नाही. शोध चालू आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने जी गोष्ट वचनाविषयी शिकविली, ती शेतकऱ्याला आधीच माहीत होती : बी तेच असले, तरी जमिनीप्रमाणे फळ बदलते. म्हणून ‘मधुमेह असला तरी हरकत नाही’ हे त्या कागदावरील वाक्यच सर्वांत अधिक धोक्याचे होते.

सरकारचा नियमही स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही ठरावीक रोगांसाठी होणारे मगजाचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर नेहमीचा उपचार म्हणून करता येत नाही. तो केवळ मंजुरी मिळालेल्या व नोंदलेल्या चाचणीतच करावयाचा असतो. आणि अशा चाचणीत ज्या औषधाची परीक्षा चालली आहे, त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नसतात. तेव्हा कोणी असा कागद दाखविला, तर शांतपणे तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी आहे काय? तिचा नोंदणी क्रमांक व नीतिसमितीची मंजुरी दाखवाल काय? आणि चाचणी असेल, तर पैसे कशाचे? हे प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. देवाने दिलेल्या बुद्धीने देवाच्या लेकराचे रक्षण करणे, एवढाच त्याचा अर्थ.

वाचकहो, शुभवर्तमानात अशा लुबाडणुकीची नोंद आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीविषयी मार्क आपल्याला सांगतो की, तिने अनेक वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळ होते नव्हते ते सारे खर्चिले, आणि तिला गुण न येता तिचे दुखणे अधिकच वाढले. पवित्र शास्त्राने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, आणि त्या स्त्रीला मूर्खही म्हटले नाही. ज्याच्या घरात दुखणे आहे, त्याला आशेची भूक असते. भुकेल्या माणसाला दगड भाकरीसारखा दिसतो. दोष भुकेल्याचा नव्हे, भाकरीच्या भावाने दगड विकणाऱ्याचा आहे. इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ साली आपला हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला, हे येथे आठवते. प्राण वाचविणाऱ्या गोष्टीचा सौदा करू नये, असे त्यांना वाटले.

हे सर्व समजल्यावर आम्ही पुन्हा उधन्याला गेलो. प्रथम आम्ही मुलाची क्षमा मागितली, की त्या दिवशी तुझ्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. मग जे कळले होते ते सांगितले : शेत विकू नको; या इंजेक्शनांनी तुझे वडील बरे होतील असा पुरावा आज कोणाजवळ नाही, आणि मधुमेहात अपायाचे भय आहे. आम्हांला वाटले, त्याच्या मनावरचे ओझे उतरेल. पण तो रागावला. “मग आम्ही काहीच करायचे नाही का?” असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रडू लागला.

थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. त्या पहाटे वडिलांची जीभ जड झालेली त्याने पाहिली होती. साखर कमी-जास्त झाली असेल, पडून राहिले म्हणजे बरे वाटेल, असे समजून तो पाळीवर निघून गेला. घरच्यांनी तेल चोळले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार उलटली होती. गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे त्याला डॉक्टरांकडून नंतर कळले. तेव्हापासून तो मुलगा झोपला नव्हता. दोन एकर त्याला इंजेक्शनांसाठी विकावयाची नव्हती. त्या पहाटेची किंमत भरण्यासाठी विकावयाची होती.

आणि मग आम्हांला कफर्णहूमाच्या त्या घरातील एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षे शिकवूनही दिसली नव्हती. बाज खाली उतरली, तेव्हा सर्व लोक त्या माणसाच्या पायांकडे पाहत होते. प्रभूने प्रथम पायांविषयी काहीच म्हटले नाही. त्याने त्याला मुला म्हणून हाक मारली आणि त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. उठण्याची आज्ञा नंतर आली. याचा अर्थ पक्षघात हा त्याच्या पापाचा दंड होता असा आम्ही घेत नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी तसे विचारले, तेव्हा प्रभूने ते साफ नाकारले (योहान ९). पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी दोषाचा विचार रात्रभर जागा असतो, हे प्रभूला ठाऊक होते. मी गोळ्या चुकविल्या, मी गोड सोडले नाही, मी वेळेवर नेले नाही, मी त्या दिवशी कामावर गेलो. हे ओझे बाजेपेक्षा जड असते. ते उतरल्यावाचून मनुष्य उठूनही चालू शकत नाही. आणि ते उतरविण्यास जी क्षमा लागते, ती दोन एकरांना मिळत नाही, वीस एकरांनाही मिळत नाही. ती फुकट मिळते, कारण तिची किंमत दुसऱ्याने भरली आहे.

त्या संध्याकाळी मुलगा बापाच्या बाजेजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने ती पहाट सांगितली. काकांना बोलता येत नव्हते. त्यांनी डावा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

आता ‘काहीच करायचे नाही का’ या प्रश्नाचे उत्तर. करावयाचे पुष्कळ आहे, आणि ते एकट्याने करावयाचे नाही. मार्क सांगतो की, वाहून आणणारे चौघे होते. ते चौघे आज कोण, हे पाहू.

पहिला आहे वेळ ओळखणारा. तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, जीभ जड झाली, यांपैकी एक जरी एकाएकी दिसले, तरी तेल चोळू नये, सलाइनच्या बाटलीची वाट पाहू नये. तत्काळ १०८ ला फोन करून मेंदूचा फोटो काढण्याची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि लक्षण पहिल्याने कधी दिसले ती वेळ लक्षात ठेवावी. मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली तरी अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून साखर ताबडतोब तपासावी, पण तिच्या नावाने घरी थांबू नये. गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी वा अन्न घालू नये. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ शिकविताना मुलांना ही तीन लक्षणे पाठ करून द्यावीत. पहाटेच्या वेळी आजोबांजवळ जागे असलेले एखादे दहा वर्षांचे मूलही या बाजेचा एक कोपरा धरू शकते.

दुसरा आहे साखर व रक्तदाब राखणारा. एकदा पक्षघात झाला, तर तो पुन्हा होण्याचे भय असते. ते कमी करण्याचा मार्ग रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, जेवणातील संयम आणि तंबाखू सोडणे हाच आहे. कोणी येऊन सांगतात की, विश्वास असेल तर इन्सुलिन बंद करा. त्यांचे ऐकू नका. ज्या देवाने मन्ना रोज वेचण्यास सांगितले, त्याचे उपकार मानून गोळीही रोज घेता येते.

तिसरा आहे रोज हातपाय हलविणारा. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम थोडेथोडे शिकतात, आणि ते शिकविण्याचे साधन म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला सराव. हीच ती ताणा सांधण्याची गाठ. परंतु येथेही खरे सांगितले पाहिजे. घरच्या माणसांना थोडे शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घ्यावा, याची परीक्षा भारतातील १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर झाली. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन त्यात अग्रभागी होते. २०१७ साली कळले की, तेवढ्याने सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत फरक पडला नाही. म्हणून घरच्यांच्या प्रेमाबरोबर शिकलेला हातही हवा. सुरतेत नव्या सिव्हिल हॉस्पिटलात व महापालिकेच्या स्मीमेरमध्ये थोड्या खर्चात व्यायामोपचार मिळतो. अडचण असते ती रुग्णाला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरविण्याची, रिक्षात बसविण्याची, आणि त्यासाठी कोणाचा तरी रोज बुडण्याची. ही अडचण मंडळीने सोडवावयाची आहे.

चौथा आहे खरे सांगणारा. या कोपऱ्याला त्या दिवशी आम्ही उभे राहावयाचे होते, आणि आम्ही तो सोडून चहा घेऊन निघालो. एक कोपरा सुटला की बाज तिरपी होते आणि आजारी माणूस घसरतो. पाळकांनी, वडीलमंडळाने आणि महिला संघाच्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. ठाऊक असेल ते सांगावे. ठाऊक नसेल तर तसे म्हणून विचारून यावे. प्रीतीने सत्य बोलणे हीही सेवा आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला बोचली. त्या चौघांना दारातून आत का जाता आले नाही? दारात शत्रू उभे नव्हते. प्रभूचे वचन ऐकण्यास आलेली मंडळीच दाटीने उभी होती. पाठ वळवून ऐकण्यात गुंतलेली चांगली माणसे. काकांच्या दुखण्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरी चपला ठेवण्यास जागा नव्हती. चौथ्या महिन्यात कोणी फिरकत नव्हते. आपल्या किती मंदिरांच्या दारात पायऱ्या आहेत आणि उतार एकाही बाजूला नाही, हेही एकदा मोजून पाहावे.

सुरतकरांना एक जुनी आठवण आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली, तेव्हा लाखो माणसे रेल्वेने व मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. औषधाच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त श्री. एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. ते एखाद्या चमत्कारी औषधाने झाले नाही. रोज रात्री रस्ते झाडले, रोज कचरा उचलला, अधिकारी रोज गल्ल्यांतून फिरले, म्हणून झाले. रोजच्या झाडूत जे सामर्थ्य आहे, ते आपण सुरतेत डोळ्यांनी पाहिले आहे. रोजच्या व्यायामात ते असेल, यावर आपण विश्वास का ठेवू नये?

आणि चालता आलेच नाही तर? वेल्लोरच्या तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघात झाला आणि कमरेखालचे शरीर कायमचे गेले. बरे होण्यासाठी त्यांच्याकरिता पुष्कळ प्रार्थना झाल्या. पाय परत आले नाहीत. परंतु डॉ. पॉल ब्रँड यांच्या उत्तेजनाने त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे अमेरिकेत शिक्षण घेऊन परतल्या, आणि १९६६ साली वेल्लोरला अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उठून बाज उचलण्याची आज्ञा प्रभू काहींना पायांवर उभे करून देतो आणि काहींना खुर्चीत बसवून देतो. घरी जाताना हातात काम मात्र दोघांच्याही असते.

उधन्याचे शेत विकले गेले नाही. मंडळीतील चार तरुणांनी वार वाटून घेतले आहेत. आठवड्यातून तीन दिवस ते काकांना जिन्यावरून खाली उतरवून व्यायामाला नेतात. काका काठीच्या आधाराने दारापर्यंत येतात. उजवा हात अजून वळत नाही. सदऱ्याची बटणे ते डाव्या हाताने लावतात. साखर महिन्यातून दोनदा मंडळीतील परिचारिका भगिनी तपासून जाते. मुलगा रात्री झोपतो. बोलणे अजून परत आले नाही; पण गेल्या महिन्यात घरच्या उपासनेत टिळकांचे एक जुने गीत लागले, तेव्हा काकांच्या तोंडून त्याचे शब्द सुरासकट बाहेर पडले. डॉक्टर म्हणतात, ज्यांची वाचा गेली आहे अशांना पुष्कळदा पाठ असलेले गाणे म्हणता येते, कारण गाण्याची वाट मेंदूत थोडी निराळी असते. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याही गाऊ लागल्या.

उद्या खरेच असा दिवस उगवेल की, मूलपेशींचा उपचार कसोटीला उतरेल आणि मधुमेह्यांनाही तो निर्भयपणे देता येईल. तसे झाल्यास आपण प्रथम देवाचे व मग त्या संशोधकांचे आभार मानू. तोवर बाज खाली ठेवावयाची नाही. आपापल्या मंडळीत या रविवारी एक प्रश्न विचारावा : आपल्या वस्तीत कोणाची बाज उचलण्यास तीनच माणसे आहेत?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू बाजेवरील माणसाला पाहिलेस आणि त्याला वाहून आणणाऱ्यांचा विश्वासही पाहिलास. आमच्या घरांतील अंथरुणाला खिळलेल्यांना तुझी क्षमा व शांती दे. त्यांची सेवा करून थकलेल्यांना झोप दे. डॉक्टरांना, परिचारिकांना आणि शोध करणाऱ्यांना प्रामाणिक बुद्धी दे. खोटी आशा विकणाऱ्यांची मने फिरव. आम्ही दार अडवून उभे असू, तर आम्हांला बाजूला कर. आणि जो कोपरा आमच्यासाठी ठेवला आहेस, तो धरावयास आमच्या हातांना बळ दे. आमेन.